हवेचा हातोडा आणि मालकाची नजर

व्यापाऱ्याच्या वहीत यंत्राची नोंद बहुधा दोनच ठिकाणी होते. एक, ते विकत घेतले त्या दिवशी खरेदीच्या खात्यावर. आणि दुसरी, वर्षअखेर घसाऱ्याच्या रकान्यात. या दोन नोंदींच्या मधल्या काळात ते यंत्र कोणाच्या हाती असते, त्यास तेल कोण घालतो, ते बिघडले म्हणजे कोण उघडतो, याचा पत्ता वहीस नसतो आणि पुष्कळदा मालकासही नसतो. इमारती लाकूड, प्लायवूड, फर्निचर, पॅकिंगची खोकी, गाद्या-सोफे अशा धंद्यांत असलेल्या आपल्या बंधूंच्या वखारींत आणि कारखान्यांत गेल्या काही वर्षांत जे एक छोटे यंत्र सर्रास दिसू लागले आहे, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडते. ते यंत्र म्हणजे हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी बंदूक, बाजारात जिला सगळे 'नेलगन' म्हणतात ती होय. तिची रचना, तिची निगा, तिची दुखणी आणि तिचा धोका यांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतापनगर आणि दाबलेली हवा

प्रतापनगरच्या रहिवाशांस दाबलेली हवा ही काही परकी वस्तू नव्हे. बडोदे संस्थानात डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग १८६२ साली झाला, तेव्हा त्यावरील गाड्या बैल ओढीत असत. पुढे वाफेची इंजिने आली, मार्ग वाढले, आणि श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या कारकीर्दीत १९१९ साली गोयागेट येथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. तोच आजचा प्रतापनगरचा कारखाना. गायकवाडांची ही रेल्वे १९४९ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत विलीन झाली आणि १९५१ पासून ती पश्चिम रेल्वेचा भाग आहे. त्या रेल्वेच्या वडोदरा विभागाची कचेरीही प्रतापनगरातच आहे.

आज आपल्याकडील गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाबाची हवा भरलेली असते. हा दाब उतरला की ब्रेक लागतो. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट १८६९ साली घेतले आणि दाब उतरताच आपोआप लागणारा ब्रेक १८७२ च्या सुमारास सिद्ध केला. आल्प्स पर्वतातील बोगदा खोदताना दाबलेल्या हवेची छिद्रयंत्रे वापरली जात असल्याचे वाचून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. या ब्रेकमधील मर्म असे की, नळी फुटली किंवा डबे सुटले तरी गाडी थांबते. म्हणजे बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूस झुकतो.

नेलगनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात हवा आहे तोवर ती भरलेली बंदूक आहे. चाप अडकला, झडप चिकटली, आतील कडी झिजली, तर तो बिघाड काम थांबवीलच असे नाही. कदाचित नको त्या क्षणी खिळा सोडील. रेल्वेच्या नळीत आणि या छोट्या यंत्रात हवा एकच, दाबही जवळपास तितकाच. परंतु एकीत निर्मात्याने काळजी आधीच घालून ठेवली आहे, दुसरीत ती पुष्कळशी वापरणाऱ्याने घालावयाची आहे. मालकाने पहिली ध्यानात ठेवण्याची गोष्ट हीच.

यंत्राच्या पोटात काय चालते

हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक अमेरिकेच्या बाजारात १९५० च्या सुमारास आली, ती घरांच्या लाकडी जमिनी लवकर ठोकता याव्यात म्हणून. आपल्याकडे तिचे अनेक प्रकार मिळतात. फर्निचरच्या बारीक कामासाठी 'एफ-३०', त्याहून जाड खिळ्यांसाठी 'टी-५०', भिंतीत मारावयाच्या खिळ्यांसाठी 'एसटी-६४', आणि पॅकिंगची खोकी व पॅलेट यांसाठी गुंडाळीतले खिळे मारणारी 'सीएन-५५' किंवा तिच्याहून मोठी. अक्षरांवरून खिळ्याची जात आणि आकड्यावरून ती बंदूक जास्तीत जास्त किती मिलिमीटर लांबीचा खिळा घेते ते कळते. ही साधी खूण दुकानातील मुनिमासही ठाऊक असावी. कारण चुकीच्या जातीचा किंवा हलका खिळा स्वस्तात आणणे हे या यंत्राच्या निम्म्या आजारांचे मूळ आहे.

रचना पाहू गेल्यास कठीण नाही. मुठीच्या पोकळीत कॉम्प्रेसरकडून आलेली हवा साठून राहते. वरच्या भागात एक नळकांडे आणि त्यात दट्ट्या असतो. दट्ट्याला पोलादी पाते जोडलेले असते. नळकांड्याच्या माथ्यावरील मोठी झडप हवेच्याच दाबाने बंद राहते. चाप ओढला की त्या झडपेवरची हवा निसटते, झडप उचलली जाते, आणि मुठीतील हवा एकदम दट्ट्यावर कोसळते. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम धरला, तर त्यावर सुमारे १३७ किलोग्रॅमचा जोर पडतो. पाते खिळ्याच्या डोक्यावर आपटते आणि खिळा लाकडात जातो. त्याच वेळी थोडी हवा नळकांड्याच्या बाजूच्या छिद्रांतून भोवतालच्या कप्प्यात शिरून बसते. चाप सोडला की माथ्याची झडप मिटते, दट्ट्यावरची हवा बाहेर पडते, आणि त्या कप्प्यात साठविलेली हवा दट्ट्यास पुन्हा वर ढकलते. खाली आदळणाऱ्या दट्ट्याचा धक्का सोसण्यासाठी तळाशी रबराची जाड गादी असते. ठिकठिकाणी हवा अडविण्यासाठी रबराच्या गोल कड्या असतात. त्यांस 'ओ-रिंग' म्हणतात. दुरुस्तीच्या कामांपैकी पुष्कळशी या दोन-चार रुपयांच्या कड्यांचीच असतात.

पहिला शत्रू : पाणी

कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातील पाणीही दाबले जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा अधिकात अधिक सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. पावसाळ्यात आर्द्रता शेकडा ८० असेल, तर तीत २४ ग्रॅम असतेच. आता दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाबासाठी अशी ८ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबावी लागते. तिच्याबरोबर १९२ ग्रॅम पाणी आले. पण थंड झाल्यावर त्या एका घनमीटरात ३० ग्रॅमच मावते. उरलेले १६० ग्रॅमच्या वर पाणी टाकीच्या तळाशी साचते. मोठा कारखाना दिवसभरात असे कित्येक घनमीटर वापरतो. वडोदऱ्याच्या श्रावणातील हवेत हे पाणी किती होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हे पाणी टाकीला आतून गंज आणते आणि नळीतून पुढे जाऊन बंदुकीचे तेल धुऊन टाकते. यास्तव रोज संध्याकाळी काम थांबल्यावर टाकीखालची तोटी उघडून पाणी काढून टाकावे. भर पावसाळ्यात दुपारीही काढावे. बंदुकीच्या आधी नळीवर पाणी वेगळे करणारी चाळणी आणि दाब ठरविणारा नियंत्रक बसवावा. टाकीवरील सुरक्षा-झडप कधीही बांधू अथवा बदलून कडक करू नये. ती फुसफुसते म्हणून तिला खिळा ठोकून बंद केल्याच्या गोष्टी कानावर येतात, आणि त्या गोष्टी ऐकताना अंगावर काटा येतो. गंजलेली टाकी फुटते ती कोणतीही पूर्वसूचना न देता. तिची पोटाची जाडी जाणकाराकडून ठराविक मुदतीने तपासून घ्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्यातही दाबाच्या यंत्रांची अशी काळजी घेण्याचे कलम होते; म्हणजे ही काही नवी शिकवण नव्हे.

दुसरा शत्रू : कोरडेपणा

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी हवेच्या तोंडात हवेच्या हत्यारांचे पातळ तेल दोन ते पाच थेंब घालावे; दिवसभर काम असेल तर दुपारी पुन्हा घालावे. मोटारीच्या इंजिनाचे तेल, खोबरेल किंवा हाताशी असेल ते तेल चालत नाही. इंजिनाच्या तेलातील द्रव्ये रबराच्या कड्यांस फुगवितात किंवा कडक करितात. त्याचप्रमाणे बंदूक धुण्यासाठी रॉकेल, पेट्रोल वा थिनर वापरू नये. त्याने मळ जातो, पण त्यासोबत कड्याही जातात. काही बंदुकी तेलाशिवाय चालण्यासाठी बनविलेल्या असतात. त्यांच्यात तेल घालू नये. हे पुस्तिकेत लिहिलेले असते. बंदूक घेताना खोक्यासोबत आलेली ती पुस्तिका फेकून न देता गल्ल्याजवळ ठेवावी.

दाब किती असावा? बहुतेक बंदुकी दर चौरस सेंटिमीटरला ५ ते ८ किलोग्रॅमच्या दरम्यान चालतात. नेमकी मर्यादा यंत्रावरच कोरलेली असते. जितक्या कमी दाबात खिळा सपाट बसतो तितकाच दाब ठेवणे हा नियम. खिळा पुरता जात नाही म्हणून दाब वाढवीत जाणे ही वाईट खोड आहे. तिने रबराची गादी फाटते, पाते तुटते, आणि पातळ फळीतून खिळा आरपार जाऊन पलीकडच्या हातास लागतो.

दुखणे आणि निदान

वैद्य नाडी पाहतो, तसा या यंत्राचा आवाज ऐकावा. बंदूक नुसती लावून ठेवली असताना चापापाशी हवा सुसाटत असेल, तर चापाच्या झडपेची कडी झिजली आहे. माथ्याच्या झाकणापाशी सुसाट असेल, तर झाकणाचे स्क्रू ढिले झाले आहेत किंवा माथ्याच्या झडपेची कडी अथवा पट्टी गेली आहे. खिळा मारताना नाकाकडून हवा जात असेल, तर दट्ट्याची कडी किंवा तळाची गादी पाहावी.

खिळा अर्धवट बाहेर राहत असेल, तर क्रमाने पाहावे. प्रथम दाब, मग नळी फार बारीक वा फार लांब आहे काय, मग खोली ठरविणारे चाक कोणी फिरविले आहे काय, मग पात्याचे टोक झिजून आखूड झाले आहे काय. एकाच कॉम्प्रेसरवर तीन-चार बंदुकी लावल्या तर पहिले पाच खिळे नीट जातात आणि पुढचे डोके वर काढतात. तेथे बंदुकीचा दोष नसतो, कॉम्प्रेसर अपुरा पडत असतो.

बंदूक मधूनच फुकट वाजत असेल, म्हणजे आवाज होतो पण खिळा नाही, तर खिळे पुढे ढकलणारी स्प्रिंग थकली आहे किंवा खिळ्यांच्या घरात लाकडाचा भुसा आणि खिळ्यांना जोडणाऱ्या गोंदाचा चिकटा साठला आहे. दट्ट्या वर परत येत नसेल, तर बहुधा कोरडेपणा, थोडा दाब किंवा फाटलेली गादी, यांपैकी एक कारण असते. खिळा वारंवार अडकत असेल, तर खिळ्याची जात व लांबी जुळते काय हे आधी पाहावे आणि मग पात्याच्या टोकाकडे वळावे. ते गोल झाले असेल तर खिळ्याच्या डोक्यावरून निसटते.

कड्या, गादी, पाते आणि स्प्रिंग यांचा एक जादा संच प्रत्येक प्रकारच्या बंदुकीसाठी कपाटात ठेवावा. खिळ्यांच्या पेट्या शेकड्यांनी साठविणारा व्यापारी चार कड्यांसाठी दोन दिवस कारागीर बसवून ठेवतो, हे हिशेबाला धरून नाही.

अडकलेला खिळा

येथे जरा थांबून वाचावे, कारण अपघात बहुतेक याच घडीस होतात. खिळा अडकला की कारागीर स्वाभाविकपणे बंदूक उलटी करतो, नाकात पेचकस घालतो आणि बोट लावून पाहतो. त्या क्षणी नळी जोडलेली असेल, तर मुठीत हवा भरलेली आहे आणि दट्ट्या अर्ध्यावर ताटकळत आहे. अडथळा सुटला की तो बोटावरच येतो.

म्हणून क्रम असा : प्रथम नळी काढावी. मग नाक रिकाम्या जागेकडे धरून चाप एकदा ओढावा, म्हणजे उरलेली हवा गेली याची खात्री होते. मग खिळ्यांची पट्टी बाहेर काढावी. त्यानंतरच नाकाचे झाकण उघडून अडकलेला खिळा पक्कडीने ओढावा. या चार पायऱ्यांत काही मिनिटे जातात; पण अंगठा गेला म्हणजे महिने जातात.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट. बंदुकीवर नेहमी कपलिंगचा नराचा भाग असावा आणि झडप असलेला मादीचा भाग नळीवर असावा. उलट बसविले, तर नळी काढल्यावरही बंदुकीत हवा कोंडून राहते आणि वरवर सुटी दिसणारी बंदूक एक खिळा सोडू शकते. आपल्या कारखान्यात काय बसविले आहे, ते मालकाने आजच जाऊन पाहावे.

आणखी एक सक्त मनाई : कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनच्या नळकांड्यास बंदूक कधीही जोडू नये. तेल लागलेल्या यंत्रात दाबाचा ऑक्सिजन शिरला की स्फोट होऊ शकतो. गॅसच्या बाटल्यांसही तोच नियम लागू.

चाप दोन प्रकारचे

बंदुकीच्या नाकापाशी एक दांडी असते. ती लाकडास टेकून दबल्याखेरीज खिळा सुटत नाही. पण चाप दोन जातींचे असतात. एका जातीत चाप दाबून धरून नाक टेकीत गेले की प्रत्येक टेकणीस खिळा सुटतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक वेळी आधी नाक टेकावे लागते आणि मग चाप ओढावा लागतो. पहिली भराभर चालते म्हणून कारागिरास आवडते. परंतु चाप धरून चालताना नाक मांडीस किंवा शेजाऱ्यास लागले तर तेथेही खिळा सुटतो. अमेरिकेतील अभ्यासांत पहिल्या जातीच्या चापाने अपघाताचा धोका सुमारे दुपटीने वाढतो असे आढळले आहे. त्या देशात २००१ ते २००५ या वर्षांत नेलगनच्या जखमा घेऊन दरसाल सरासरी सुमारे ३७,००० माणसे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गेली, असे तेथील सरकारी आरोग्यसंस्थेने नोंदविले. आपल्याकडे कारागीर फडके गुंडाळून पुन्हा कामास लागतो, आणि ही जखम कोणत्याच वहीत चढत नाही.

नव्या माणसाच्या हाती दुसऱ्या जातीचा चाप असलेलीच बंदूक द्यावी. डोळ्यांवर चष्मा प्रत्येकाने लावावा. उसळलेला खिळा आणि तुटलेली काडी डोळा शोधतच येतात. फळी धरणारा हात नाकापासून एक वीत तरी दूर असावा. नाकाची दांडी तारेने बांधून ठेवणाऱ्यास त्या दिवशी घरी पाठवावे. यात कठोरपणा नाही.

पेटी पोहोचली पाहिजे

ज्यांचा माल परदेशी जातो, त्यांच्या लाकडी पेट्यांस २००२ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे : लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापविलेले असावे आणि त्यावर तसा शिक्का असावा. हा शिक्का लाकडात कीड नसल्याची ग्वाही देतो; पेटी वाटेत उकलणार नाही याची ग्वाही खिळाच देतो. डोके वर राहिलेला एक खिळा आतले कापडाचे ठाण फाडतो, आणि फार खोल गेलेला खिळा फळीचा जीव कमी करतो. म्हणजे बंदुकीची निगा ही शेवटी गिऱ्हाइकाशी आपल्या शब्दाची निगा होय.

नजर आणि नोंद

१८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि प्रो. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे तेथे शिकून गेलेल्यांपैकीच. हाताने काम करणाऱ्यास त्या कामामागचे शास्त्रही कळावे, आणि ते त्याच्या समजुतीच्या भाषेत कळावे, ही त्या संस्थेमागील दृष्टी होती. आपल्या वखारीतील कारागीर राजस्थानातून आला असेल, उत्तर प्रदेशातून आला असेल, किंवा पंचमहालातील असेल. इंग्रजी पुस्तिका त्याच्या काय कामाची? तेव्हा एका पुठ्ठ्यावर गुजराती, हिंदी आणि मराठीत ठळक अक्षरांत पाच ओळी लिहून कॉम्प्रेसरच्या वर टांगाव्यात : सकाळी तेल, संध्याकाळी पाणी, खिळा अडकला तर आधी नळी काढा, चष्मा लावा, चाप धरून चालू नका. ज्यास वाचता येत नाही त्यास पहिल्या दिवशी मिस्त्रीने प्रत्येक कृती करून दाखवावी आणि त्याच्याकडून करवून घ्यावी.

शिवाय एक छोटी वही ठेवावी. तीत बंदुकीचा क्रमांक, खरेदीची तारीख, कड्या केव्हा बदलल्या, गादी केव्हा, टाकी केव्हा तपासली, आणि कोणास इजा झाली तर केव्हा व कशी, एवढे लिहावे. दिवाळीस चोपडापूजन झाल्यावर नव्या वर्षाच्या वह्यांसोबत हीही वही नवी उघडावी. सहा महिन्यांनी ती चाळली तर कोणती बंदूक पैसे खाते, कोणता खिळा वाईट निघाला आणि कोणत्या बाकावर माणसे जखमी होतात, हे मालकास कोणी न सांगताही दिसेल. घसाऱ्याचा आकडा कायदा ठरवितो. यंत्र किती वर्षे चालेल आणि त्यामागचा माणूस धडधाकट घरी जाईल की नाही, हे बव्हंशी मालकाच्या नजरेवर ठरते.